घरच्या आजारपणाला बदली माणूस

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. पुढची काही वर्षं त्या खाटेवर होत्या आणि मी खाटेशेजारी. त्या गेल्यावरही अशा दुसऱ्या घरांत माझं जाणं-येणं राहिलं. त्यातून जे पदरात पडलं ते इथे मांडते आहे. म्हणणं एकच आहे. घरी आजारी माणूस सांभाळणारीला आठवड्यातून काही तास सोडवणूक मिळाली पाहिजे, त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून यायला पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारं माणूस गावातच आहे.

१. कामाचा शीण उतरतो, पाळी न बदलण्याचा उतरत नाही.

दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरने सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. दर दोन तासांनी म्हणजे रात्री दहाला, बाराला, दोनला, चारला. आमच्याकडे त्याची एक रीत बसून गेली. जुन्या नऊवारीची चौघडी करून ती आत्यांच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घालायची. वळवताना पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे, आणि लुगड्यासकट अख्खं माणूस आपल्याकडे घ्यायचं. लुळा हात धरून कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो. मग पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली घडी. शेवटी माकडहाडाशी लाल दिसलं तर बोटाने दाबून बघायचं. बोट काढल्यावरही लाली तशीच राहिली तर जखम सुरू झाली म्हणून समजायचं. हवेची गादी आणली होती, पण लाईट गेली की तिचा पंप बंद पडायचा आणि हळूहळू हवा उतरायची. मग रात्रीची लाईट गेली की झोपेतही मला कळायचं.

हे सगळं आठवडाभरात शिकता येतं. शिकता येत नाही ते उद्याही आपणच, परवाही आपणच, दिवाळीलाही आपणच हे. कारखान्यात पाळी बदलते, सिव्हिलमध्ये सिस्टरची ड्युटी बदलते, एसटीचा ड्रायव्हर रजेवर गेला तर बदली ड्रायव्हर येतो. घरात बदली नाही. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी १४० मिनिटं या कामात जातात आणि पुरुषांची ७४, असं आलं आहे. त्यात लेकरं सांभाळणंही आलं. पण मिनिटं मोजून हे काम पुरतं सापडत नाही. मिनिटांच्या मधल्या वेळातही कान तिकडेच असतो.

२. बघायला येणाऱ्याकडे तास मागावा.

झटक्यानंतर पहिले काही महिने घर माणसांनी भरलेलं असायचं. कुणी केळी आणायचं, कुणी बिस्किटाचे पुडे, कुणी कुठल्या गावात झाडपाला मिळतो त्याचा पत्ता. सगळे प्रेमाने यायचे. चहा घ्यायचे, डोळे पुसायचे आणि निघायचे. एकदा माझी थोरली नणंद आली आणि मी धीर करून म्हटलं, “वन्सं, तुम्ही बसता का इथं दुपारभर? मला दाढ दाखवायची आहे.” त्या बसल्या. त्या दुपारी मी दाढ दाखवली, बँकेत केवायसीचा कागद दिला आणि बाजारात उगीचच फिरले. घरी आले तेव्हा आत्यांना भरवताना माझा हात हलका पडत होता, हे मला स्वतःलाच जाणवलं.

सोडवणूक म्हणून फार मोठं काही लागत नाही. नवरात्रात मोहट्याच्या देवीला जाऊन येण्याइतकी सकाळ. लेकीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला जाण्याइतकी दुपार. महिन्यात एखादी सबंध रात्रीची झोप. पण हे सगळं नातेवाइकांच्या सवडीवर सोडलं की ज्यांना नणंदा-जावा नाहीत, ज्यांचं घर वस्तीवर एकटं आहे, त्यांना ते कधीच मिळत नाही. म्हणूनच सरकारी पैशाचा विषय काढावा लागतो.

३. आजारपण घरात आलं की कोयता अर्धा होतो.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात आणि ती जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. आता अशा घरात म्हातारा अंथरुणाला खिळला तर काय होतं? सून मागे राहिली तर नवऱ्याला जोडीदार नाही, म्हणजे उचल अर्धी किंवा नाहीच. सून गेली तर म्हाताऱ्याला कोण पाहणार? आमच्या गल्लीतल्या एका घराने आळीपाळीने दोन्ही करून पाहिलं. एका हंगामात सून थांबली आणि घर कर्जात गेलं. पुढच्या हंगामात ती गेली आणि आजोबांचं सगळं तेरा वर्षांच्या नातीवर आलं. लघवीची पिशवी रिकामी करणं, भाकरी कुस्करून भरवणं, सगळं. पोरीची शाळा त्या हंगामात तुटली.

कोयत्यावर जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहाची सोय केलेली आहे. आई-बाप तोडीला गेले तरी लेकराने गावात राहून शिकावं, यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि व्हायलाच पाहिजे. मग त्याच घरातल्या अंथरुणावरच्या माणसासाठी असाच विचार का करू नये? गावात असे पाच-सात जण असतील आणि हंगामभर त्यांच्याकडे लक्ष द्यायला पगारी माणूस असेल, तर तितके कोयते पुरे निघतील आणि तितक्या नाती शाळेत राहतील. सांभाळणाऱ्याच्या सोडवणुकीचा विषय निघाला की लोकांना ते शहरातल्या सुखवस्तू घरांचं मागणं वाटतं. आमच्याकडे तो थेट मजुरीचा प्रश्न आहे.

४. योजना आहेत, पण त्या खाटेवरच्या माणसाच्या नावावर आहेत.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. संजय गांधी निराधार योजनेचेही तेवढेच, दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यावर येतात. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचा उपचार आहे, पण तो दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी आणलं की कार्ड कपाटात जातं. दिव्यांग माणूस सांभाळणाऱ्याला आयकरात वजावट मिळते, पण ती कर भरणाऱ्याला. कोयत्यावरची बाई कर भरत नाही, तिला त्या वजावटीचा काय उपयोग?

यातली प्रत्येक योजना गरजेची आहे आणि जिथे हक्क आहे तिथे अर्ज केलाच पाहिजे. आत्यांच्या पैशात डायपर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या निघायच्या, त्याची किंमत मी जाणते. पण या सगळ्या कागदांवर मी कुठेच नव्हते. अर्जात आत्यांचं वय होतं, उत्पन्न होतं, आधार होतं, बँकेचं खातं होतं. त्यांना रात्री दोन वाजता कोण वळवतं, हे विचारणारा रकाना एकाही अर्जात नव्हता.

५. कायद्यात जागा आहे, ती माहीत असावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजना सांगितल्या आहेत, आणि ज्या दिव्यांगांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. मात्र कलमात लिहिलेलं खात्यावर यायला मध्ये सरकारची योजना आणि अंदाजपत्रकातली तरतूद लागते. मागणी करायची ती तिची.

राष्ट्रीय न्यास कायदा त्याहून जुना, १९९९ चा. त्या न्यासाने ‘समर्थ’ नावाची योजना काढली ती याच कामासाठी: दिव्यांग माणसाला काही काळ केंद्रात ठेवून घरच्यांना मोकळीक द्यायची. काळजीवाहू तयार करण्यासाठी ‘सहयोगी’ नावाची योजनाही काढली. पण हा न्यास ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरता आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. अर्धांग झालेली सासू किंवा विसरभोळेपणाच्या आजारात घर विसरलेला बाप त्यात बसत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अंथरुणावरच्यांपैकी बहुतेक जण तर असेच आहेत.

अर्धांगानंतर हातपाय कायमचे गेले असतील तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड निघू शकतं, हे अनेक घरांना ठाऊक नसतं. म्हातारपणच आहे, त्याला कसलं कार्ड, असं म्हणून सोडून देतात. सोडू नये. त्रास होतो तो तपासणीला नेण्याचा. पाथर्डीहून नगर ५० किलोमीटरच्या आसपास, आणि झोपून राहिलेल्या माणसाला जीपमध्ये आडवं घालून नेणं हे आम्ही केलं आहे. अशा माणसांची तपासणी तालुक्याला, जमलं तर घरी व्हावी. खर्च फार नाही, ठरवण्याचा प्रश्न आहे.

६. सांभाळणारीची साखर आणि बीपीही बघावं.

रोग्याची फाईल जाड होत जाते आणि सांभाळणारीची फाईलच नसते. कंबर धरते, झोप तुटते, चिडचिड वाढते. आशाताई घरी आली की दोघींचं बीपी बघून घ्यावं. एवढंच.

७. दुसरीकडे हे होतं, म्हणजे आपल्याकडेही होऊ शकतं.

जर्मनीत १९९५ पासून काळजी-विमा आहे. घरी सांभाळणारा आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला तर वर्षातले काही आठवडे बदली माणसाचे पैसे विमा देतो. जपानने असा विमा २००० साली आणला. चाळिशीपासून लोक हप्ता भरतात, आणि म्हाताऱ्या माणसाला दिवसभर केंद्रात किंवा काही रात्री मुक्कामी ठेवता येतं. हे श्रीमंत देश, त्यांचं सोडा म्हणाल, तर केरळ घ्या. तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरलेले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, थकते अशाही तक्रारी आहेत. पण ती सांभाळणाऱ्याची म्हणून दिली जाते. शिवाय तिथल्या पंचायतींमार्फत परिचारिका घरी येऊन जखम बघते, नळी बदलते. पंचायती आपल्याकडेही आहेत.

८. यासाठी लागणारं माणूस गावातच आहे, आणि हे नगर जिल्ह्याने आधी दाखवलेलं आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, दवाखाना लांब, डॉक्टर खेड्यात राहायला तयार नाहीत. त्यांनी गावांनाच विचारलं, तुमच्यातली एक बाई द्या. ज्या बाया आल्या त्यांतल्या कित्येकींनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. त्यांनी लेकरांची वजनं घेतली, बाळंतपणं केली, कुष्ठरोगी आणि टीबीचे रोगी शोधले, आणि जातीने दूर ठेवलेल्या घरांतही गेल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसं जामखेड बघायला आली. आजची आशा कार्यकर्ती त्याच वाटेवरची. अंगणात बसून शिकलेली बाई बाळंतपण करू शकते, तर कूस बदलणं, बसतं करून पेज भरवणं, नळी स्वच्छ ठेवणं ती नक्कीच करील. त्यासाठी बंगळुरूहून नर्स आणायला नको.

पैसे देण्याचाही दाखला घरचाच आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया आमच्या गावात अजून आहेत, त्यामुळे रोजगार हमी इथे कुणाला नवी नाही. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात अशी तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईने ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. याचा अर्थ नीट बघा. बाकीच्यांना काम करता यावं म्हणून एकीने माणसं सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे कायद्याने मान्य केलं होतं. पाळण्यातल्या लेकरासाठी जे मान्य झालं ते खाटेवरच्या म्हातारीसाठीही मान्य व्हावं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. हे काम आहे त्याच आशाताईच्या गळ्यात घालू नये. तिच्याकडे आधीच कामांची रांग आहे. वेगळी बाई, वेगळं प्रशिक्षण, तासावर पैसे. आणि पुरुष रोग्यांसाठी पुरुषही हवेत. आमच्याकडे म्हातारी माणसं परक्या बाईकडून आंघोळ करून घेत नाहीत, मग ते सगळं पुन्हा सुनेवरच येतं.

९. बदली माणूस आलं म्हणून लगेच सुटका होत नाही.

आम्ही थोडे दिवस पदरचे पैसे देऊन गावातल्याच एका विधवा बाईला दुपारी बोलावलं. आत्यांनी पहिल्या दिवशी तोंडच उघडलं नाही. चमचा ओठाशी आला की मान फिरवायच्या आणि दाराकडे बघायच्या. मग मी एक आठवडा तिच्या शेजारी बसून राहिले. आधी मी भरवायचे, ती बघायची. मग चमचा तिचा आणि आत्यांचा चांगला हात माझ्या हातात. मग मी उंबऱ्याबाहेर. आत्यांना घोट लवकर गिळता येत नसे. पहिला घोट खाली गेला हे गळ्याकडे बघून ओळखायचं आणि मगच दुसरा द्यायचा. पाणी पातळ असलं की ठसका, पेज दाट असली की ठीक. या गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावल्या: गोळ्यांच्या वेळा, कुठल्या कुशीवर किती वाजता, कशाने चिडतात, कोणतं भजन लावलं की शांत होतात. बदली बाईला त्या कागदाचा फार आधार झाला.

म्हणून सरकारी योजना आखणाऱ्यांनी हे धरून चालावं की दर वेळी नवं माणूस पाठवून उपयोग नाही. तेच माणूस यायला हवं, आणि ओळख होण्याच्या दिवसांचेही पैसे धरायला हवेत.

आणि लोक बोलतात. भाऊजी बोलले, “घरात सून असताना मोलाची बाई कशाला?” मी त्यांना त्या दिवशीचं वेळापत्रक दाखवलं आणि रात्री दोनची पाळी घ्या म्हटलं. त्यांनी ती घेतली. त्यानंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही, उलट पुढच्या महिन्यात बाईचे पैसे त्यांनीच दिले. म्हाताऱ्या माणसाची सेवा हा धर्म आहे, हे मलाही मान्य आहे. पण तो धर्म एकटीच्या कमरेवर उभा करायचा आणि बाकीच्यांनी नमस्कार करायचा, हे मान्य नाही.

१०. ग्रामसभेत हिशोब घेऊन जावं.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावोगाव तो बहुतेक वेळा एकदा वस्तू किंवा रक्कम वाटून संपतो. त्या निधीतून तास मागावेत, असं माझं मत आहे. मी आमच्या गावासाठी मांडलेला हिशोब असा. दहा घरं धरली, प्रत्येक घराला आठवड्यात दोन वेळा चार-चार तास, म्हणजे आठवड्याला ८० तास. दोन बायांना त्यात काम मिळतं. तासाला ६० रुपये धरले तर आठवड्याचे ४,८००, वर्षाचे अडीच लाखांच्या आत. आता ज्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न १० लाख आहे तिचे ५ टक्के होतात ५० हजार. म्हणजे पंचायतीच्या एकटीच्या निधीत हे बसत नाही. राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन केला आहे, जिल्हा परिषदेकडे समाजकल्याण विभाग आहे. उरलेला वाटा तिथून यायला हवा, आणि तो ज्येष्ठांसाठीही चालायला हवा, नुसत्या दिव्यांग कार्डवाल्यांसाठी नको. अडीच लाख म्हणजे गावातल्या एखाद्या लहान सिमेंट रस्त्याच्या तुकड्याचा खर्च. रस्ता हवाच, पण हेही हवं.

११. सुरुवात मोजण्यापासून व्हावी.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर होती. त्यात किती घरांत खाटेवर माणूस आहे आणि त्याला कोण सांभाळतं, हे कुणी मांडल्याशिवाय तरतूद मागणं अवघड आहे. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आशाताई घरोघर आरोग्याच्या माहितीचा जो सीबॅक नावाचा फॉर्म भरते, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहेच: जेवण, कपडे, आंघोळ, चालणं, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? त्याच्या खाली तीन प्रश्न वाढवावेत. मदत कोण करतं? तिचं वय काय? तिला बदली माणूस आहे का? आरोग्य खात्याने हे राज्यभर करावं. तोवर एखाद्या तालुक्याने आपल्यापुरतं करून बघावं. आमच्या गावात आम्ही काही बाया मिळून साध्या वहीत ही यादी करतो आहोत. येत्या ग्रामसभेत ती वही सरपंचांपुढे ठेवायची आहे, आणि शेजारच्या गावांतल्या ज्या बायांना अशीच यादी करायची असेल त्यांना रकाने कसे पाडायचे ते दाखवायला आम्ही येऊ.